नऊ मिनिटांचा रस्ता

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणतेस? तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग राहिला नाही, पण एका अर्थी बरंच झालं. पत्रात माणूस भरकटत नाही. निदान मी तरी.

शुक्रवारी माझ्या वर्गात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. तुला माहीत आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत मी आठवड्यातून तीन दिवस मुलांना सुतारकाम शिकवतो. साडेचार ते साडेसहा. शाळा सुटल्यावर आईबाप कामावर, पोरं रस्त्यावर, त्यापेक्षा हातात रंधा बरा. पाचच मुलं घेतो. मला कुणी शिकवलं नाही, मी बघून आणि बोटं कापून घेऊन शिकलो, म्हणून माझ्याकडे एकाही मुलाचं बोट आजवर कापलेलं नाही. चार वर्षं झाली.

मुलं आली-गेली कळावीत म्हणून मी दाराशी एक फळी लावली आहे. पाच खिळे, पाच पितळी बिल्ले, नंबर मी स्वतः कोरलेले. आलं की बिल्ला खिळ्याला अडकवायचा, निघताना काढून डब्यात टाकायचा. फळी मोकळी म्हणजे खोली मोकळी. शुक्रवारी साडेसहाला फळी मोकळी होती. मी दिवा घालवला, कुलूप लावलं.

पाच मिनिटांत कप्तान परत आत. कप्तान म्हणजे माझा तोच मित्र, जो पूर्वी व्हॉलीबॉलच्या संघाचा कप्तान होता. मुलांना आपल्या गाडीतून घरोघर तोच सोडतो, एक पैसा न घेता. म्हणाला, "पेन्सिल कुठाय? चारच आलीत." पेन्सिल ही दहा वर्षांची मुलगी. काडीसारखी बारीक, कानामागे कायम पेन्सिल, म्हणून ते नाव. हात तर असा की गुण्या लावून बघावा आणि काटकोन बरोबर निघावा.

कप्ताननं बाकीच्यांना सोडलं आणि तो धापा टाकत परत आला. आम्ही गल्ली पालथी घातली. शेवटी सात चाळीसला ती मला सापडली, कुलूप लावलेल्या खोलीच्या आत, लाकूड ठेवायच्या कोठीत, प्लायवूडच्या मागे. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. कप्तान बिचारा रडवेला झाला. "चल बेटा, घरी सोडतो," म्हणाला, तर तिनं करवतीच्या टेबलाचा पाय धरला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तेवढ्यात तिची आई धावत आली, तशी पोर सगळं सोडून आईला चिकटली. आई दिसली की मुलं लाडात येतातच.

कालपासून तिला पाठवणं बंद केलंय. कारण विचारलं तर आई म्हणते, नको म्हणते. चूक माझ्या फळीत आहे हे उघड आहे. बिल्ला काढणारा हात कुणाचा हे फळीला कळत नाही. मी दुहेरी बिल्ल्यांचा विचार करतोय, एक मुलाकडे, एक माझ्याकडे. तू एकतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीस. तिथे काय पद्धत होती?

धाकटा


८ फेब्रुवारी

धाकट्या,

गुडघा आहे तिथेच आहे. वॉर्डात आम्ही मुलांना हात लावून मोजायचो, एवढीच पद्धत होती.

तू बिल्ल्यांवर अर्धं पान लिहिलंस आणि पोरीवर चार ओळी. लहानपणी बाहुलीचा हात निखळला तेव्हाही तू खिळा कोणत्या मापाचा होता तेच सांगत बसला होतास. आता मी विचारते त्याचं उत्तर दे, आणि फक्त त्याचंच.

कोठीच्या दाराला कडी आहे का, आणि असली तर कुठून? प्लायवूड तिच्या अंगावर पडलं होतं, की तिनं ओढून घेतलं होतं? तिचा बिल्ला तिनं स्वतःच काढला होता का?

मुलांना घरी सोडायचा क्रम काय? सगळ्यात शेवटी कोण उतरतं? त्याच्या आधीचं मूल उतरल्यावर शेवटचं घर यायला किती वेळ लागतो? तुझ्याकडे वेळा लिहिलेल्या असणारच. तू झोपेत कूस बदललीस तरी वेळ लिहून ठेवशील.

आणि तिनं टेबलाचा पाय नक्की कधी धरला? तू दिसलास तेव्हा, की गाडीचं नाव निघालं तेव्हा?

मला पुढच्या पत्राची घाई आहे. दुहेरी बिल्ले करत बसू नकोस.

ताई


१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तुझे प्रश्न फौजदारासारखे आहेत, पण उत्तरं देतो. माहिती अचूक द्यायला मला कधीच हरकत नसते.

कोठीला कडी नाही. प्लायवूडचे दोन तक्ते होते, आठ मिलिमीटरचे. ते भिंतीला टेकवलेले असतात. तिनं आतून ओढून तोंडावर घेतले होते, कारण जमिनीवरच्या भुशात ओढल्याच्या रेघा होत्या. बिल्ला तिनंच काढला. सहाच्या सुमाराला ती फळीपाशी गेलेली मी पाहिली होती, वाटलं पाणी प्यायला उठली. तेव्हा हा अपघात नव्हता, तिनं मुद्दाम केलं, हे मलाही मान्य आहे. मुलं लपाछपी खेळतात. खोड्या करायचं वयच आहे.

टेबल तिनं कप्तान "चल" म्हणाला तेव्हा धरलं. अंधारात बसून घाबरली होती.

आता गाडीचं. वेळापत्रक मी स्वतः आखलं आहे, रस्ता सायकलनं दोनदा मोजून. गाडी सहा पस्तीसला सुटते. दोघं भाऊ सहा त्रेचाळीसला. डॉक्टरीणबाईंचा मुलगा सहा एक्कावन्नला. मग टोपी. ही आठ वर्षांची, उन्हातान्हात लोकरीची टोपी घालते आणि काढ म्हटलं की ऐकू येत नसल्यासारखं करते. ती सातला. शेवटी पेन्सिल. तिथून तिचं घर नऊ मिनिटांवर आहे, म्हणजे सात नऊ.

पण वेळापत्रकात सात चौतीस लिहिलं आहे, कारण गाडी सात चौतीसला पोचते. सुरुवातीला मी सात नऊच लिहिलं होतं. पेन्सिलच्या आईनं एकदा विचारलं, रोज उशीर का होतो. मी लगेच कप्तानला विचारलं. तो म्हणाला, पेट्रोल पंप त्याच रस्त्याला आहे, रांग असते, भरून घेतो. मी वेळापत्रकात पंचवीस मिनिटं वाढवून दिली. कागद एक सांगतो आणि गाडी दुसरं करते, असं मला चालत नाही. त्यानंतर उशिराची एकही तक्रार नाही. तिची आईसुद्धा कारखान्यातून साडेसातलाच येते, तिलाही ते सोयीचं पडलं.

आता पेन्सिल नाही, तेव्हा सोमवारीच नवीन वेळापत्रक लावलं. टोपी शेवटची. डॉक्टरीणबाईंच्या घरापासून तिचं घरही योगायोगानं नऊच मिनिटांवर आहे. पंपासाठी पंचवीस धरून सात पंचवीस. कप्तानच म्हणाला, तेवढी मोकळीक असू दे.

झाली का खात्री? पद्धत पक्की आहे. भोक फक्त बिल्ल्यात होतं.

धाकटा


१६ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

तुझं पत्र तासापूर्वी आलं. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाच.

गाडी थांबव. आजची फेरी तर होणारच, आणि बुधवारच्या आत हे पत्र पोचणार नाही. म्हणून शेजारणीला तुझ्या दुकानात फोन करायला लावते आहे. ती काय बोलेल आणि तू काय ऐकशील देव जाणे, म्हणून इथे सरळ लिहिते.

आठवड्यातून तीनदा कुणी पेट्रोल भरत नाही. जे काही पंचवीस मिनिटं होतं, ते गाडीत एकच मूल उरल्यावर होतं. पेन्सिल बोलू शकत नव्हती म्हणून लपली. आपण गेलो असं तुला दिसावं म्हणून तिनं बिल्ला काढला, तक्ते ओढले, आणि अंधारात तास काढला. दहा वर्षांच्या मुलीला कुलूपबंद खोलीतला अंधार गाडीपेक्षा बरा वाटला. वॉर्डात अशी मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. कुणी पोटात दुखतं म्हणायचं, कुणी अंथरुण ओलं करायचं, कुणी नुसतं खाटेचा दांडा धरून बसायचं. त्यांची बोटं सोडवायची नसतात, एवढं आम्ही पहिल्या वर्षी शिकायचो.

तू नवीन वेळापत्रक लावलंस म्हणजे काय केलंस ते कळतंय का तुला? तिच्या जागेवर आठ वर्षांची पोर बसवलीस.

आता तीन गोष्टी. कप्तानला काहीही विचारू नकोस, एक अक्षर नाही. मुलींना खोदून खोदून विचारू नकोस, तुझ्या तोंडचे शब्द त्यांच्या तोंडी जातील. दोघींच्या आयांकडे जा, मला लिहिलंस तेच त्यांना सांग, आणि त्यांच्याबरोबर पोलिसांकडे जा.

माझं चुकलं असेल तर मी त्याचे पाय धरीन. पण आधी गाडी थांबव.

ताई


१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

तुझं पत्र अजून यायचंय, पण तुझ्या शेजारणीनं काल दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर फोनवरून ओरडून सांगितलं, "ताई म्हणतात त्या कप्तानच्या गाडीत पोरी बसवू नका." बहिरी तू आहेस, तिनं ओरडायचं काय कारण होतं कुणास ठाऊक. मी काय समजायचं ते समजलो, आणि रात्रभर आढ्याकडे बघत पडलो होतो.

मी पाठीमागे कुजबुजणारा माणूस नाही. आज सकाळी सरळ त्याच्या घरी गेलो आणि समोरासमोर विचारलं. "माझ्या बहिणीच्या मनात असं असं आलंय, तू मला तोंडावर सांग." ताई, तो माणूस खुर्चीत कोसळला. स्वतःच्या मुलाची शपथ घेतली. म्हणाला, "तू सांगशील तर आजपासून गाडी बंद, पण मग लोक विचारतील का बंद केली, तेव्हा तू काय सांगणार आहेस?" मीच त्याला पाणी दिलं.

एकोणीस वर्षांची ओळख आहे आमची. माझा अंगठा यंत्रात गेला तेव्हा तुटलेला तुकडा रुमालात बांधून तोच मला दवाखान्यात घेऊन गेला होता. माझ्या पोरीच्या लग्नात तो उष्टी काढत होता. लोक मला अडाणी सुतार म्हणायचे तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा "मास्तर" म्हटलं. आणि तू पाचशे मैलांवरून, त्याला न पाहता, चार आकड्यांवरून असं ठरवतेस.

तुझा वॉर्ड तुझ्या डोक्यात बसलाय. तिथे तुला दुखणीच दिसली, धडधाकट माणूस दिसला नाही. यापुढे या विषयावर लिहू नकोस.

धाकटा


२० फेब्रुवारी, शुक्रवार
(जलद टपालानं)

धाकट्या,

त्याला विचारलंस. म्हणजे आता त्याला माहीत आहे. आता तो पोरींना काय सांगेल, आणि पोरी घरी काय सांगणार नाहीत, ते तुला मी कसं समजावू?

तू लिही म्हण किंवा लिहू नकोस म्हण. मी तुमच्या गावच्या पोलीस चौकीला पत्र टाकलं आहे. तुझं बारा तारखेचं पत्र त्याला जोडलं आहे, तुझ्या अक्षरातलं. तुझ्या पाठीमागे केलं असं तुला वाटू नये म्हणून सांगते. मला बहीण म्हणायचं की नाही ते तू ठरव, मी कागद परत मागणार नाही. पण चौकीतला माणूस एका म्हातारीचं पत्र कधी उघडेल, आणि उघडून चुलीत घालेल की काय करेल, माझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे.

माझं ऐकू नकोस. स्वतःचं ऐक. गाडी थांबवणार नसशील तर सोमवारी त्या गाडीत बस. मागे, पोरीच्या शेजारी. शेवटपर्यंत. आणि बघ.

मला चार दिवस घास उतरत नाहीये. तू शेवटचा कधी जेवलास ते लिही, म्हणजे मला कळेल तुला किती कळलंय.

ताई


२४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

रविवारी रात्री जेवलो होतो.

तुझं जलद टपाल काल सकाळी मिळालं. तुझं सोळा तारखेचं आधीच आलं होतं, मी ते न उघडता खणात टाकलं होतं. दोन्ही एकदम वाचली.

आधी एक सांगतो. बुधवारी आणि शुक्रवारी गाडी गेली. मी थांबवली नाही. दोन्ही दिवशी ती टोपीच्या घरी बरोबर सातला पोचली. तिच्या आजीनं मला मुद्दाम सांगितलं, हल्ली लवकर येते हं पोर. मी खूश झालो, ताई. मी वेळापत्रक खोडून पुन्हा सात केलं. पंपावरची रांग मी कप्तानला विचारल्याच्या दुसऱ्या दिवशी संपली, आणि मला त्यात काही दिसलं नाही. आकडा बरोबर आला एवढंच दिसलं.

काल दुपारी पंपावर गेलो. तिथल्या पोऱ्याला विचारलं. म्हणाला, "कप्तान? महिन्यातून एकदा येतात, टाकी फुल करून जातात."

मग संध्याकाळी गाडीत बसलो. कप्तानला म्हटलं, पाय दुखतोय, टोपीच्या बाजूला काम आहे, सोड. त्यानं आरशातून एकदा बघितलं. दोघं भाऊ उतरले. मग डॉक्टरीणबाईंचा मुलगा उतरला. दार लागलं. आणि टोपीनं दप्तर पाठीवरून काढून पोटाशी धरलं, टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, दाराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओठातल्या ओठात काहीतरी मोजायला लागली. मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिला मी दिसत होतो. तरी.

मी हळूच विचारलं, "काय मोजतेस गं?"

"खांब."

"कशाला?"

"किती राहिले ते कळतं."

तू खोदून विचारू नकोस म्हणाली होतीस. मी आणखी काही विचारलं नाही. नऊ मिनिटं लागली. कुठे रांग नाही, काही नाही. एक सिग्नल, तोही हिरवा.

गाडी थांबल्यावर मी हात लांब करून किल्ली काढून घेतली. कप्तान म्हणाला, "मास्तर, काय करतोस?" मी म्हटलं, "उतरतोय." टोपीला तिच्या घरात नेलं. तिची आई कणीक मळत होती, हात तसेच पिठाचे, आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वेळापत्रक दाखवलं, खोडलेलं आणि न खोडलेलं. ती ऐकत होती आणि पिठाचे हात परातीवर घासत होती, घासतच होती. मग मला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा." मी बाहेर थांबलो. तिथून आम्ही पेन्सिलच्या घरी गेलो. पेन्सिल आतल्या खोलीत होती, माझा आवाज ऐकून दार लावून घेतलं.

चौकीत फौजदार बाई आहेत. तुझं पत्र त्यांच्या टेबलावर उघडं पडलं होतं, लाल पेन्सिलीनं रेघा मारलेलं. त्यांनी माझा जबाब घेतला, सव्वादोन तास. आज पहाटे कप्तानला नेलं. त्याची बायको सकाळी दुकानात आली आणि माझ्या तोंडावर थुंकली. मी पुसलं नाही, थोडा वेळ.

वर्ग बंद केला आहे. मी काय करू सांग. पेन्सिलला एकदा भेटून माफी मागावी असं सारखं वाटतंय. हात कामाला लागत नाही. आज एक साधं खुंटीचं भोक चुकलं.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

आधी जेव. उपाशी माणसाचा कुणालाच उपयोग नसतो.

पेन्सिलकडे जाऊ नकोस. तुझी माफी म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं. तू तिच्यासमोर रडशील आणि ती बिचारी तुला "असू दे काका" म्हणेल. दुसऱ्याचं समाधान करायला तिला लावू नकोस, तिनं ते पुष्कळ केलं आहे. तिला कधी तुला भेटावंसं वाटलं तर तीच येईल. न वाटलं तर तू आयुष्यभर वाट बघ.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. पेन्सिलच्या आईचं पत्र आलं, चौकीतून माझा पत्ता घेऊन. ती लिहिते, पोर हळूहळू बोलते आहे. डॉक्टरीणबाई रोज येऊन बसतात. आणि पोर एक गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणते, "मी काकांना सांगितलं होतं."

काका म्हणजे तू. आईनं फौजदार बाईंना विचारलं, तर तुझ्या जबाबात लिहिलंय, कोणत्याही मुलानं माझ्याकडे कधीही काही तक्रार केली नाही. कप्तानचा वकील तेच वाक्य धरून बसलाय. इतके महिने एक अक्षर बोलली नाही आणि आता आईनं पढवलं, असं तो म्हणतो. ती आई मला विचारते, माझी मुलगी खोटं बोलते का?

मी तिला काय लिहू?

तुझी पहिली तीन पत्रं मी पुन्हा वाचली. तुझ्याकडे भुशातल्या रेघा आहेत, मिलिमीटर आहेत, तू काय सोडलंस ते मला सापडलं नाही. पण तुला मी तुझ्या जन्मापासून ओळखते. जिथे तू पटकन पुढे जातोस तिथे काहीतरी असतं.

खरं काय ते मला लिहिण्याआधी तिथे लिहून दे.

ताई


६ मार्च, शुक्रवार

ताई,

काल चौकीत जाऊन पुरवणी जबाब दिला. फौजदार बाईंनी मला तो वाचून दाखवला, मी सही केली. आता तुला लिहितो. तिथे लिहून दिलं तेच, तसंच. पेन्सिलच्या आईला हे पत्र पाठवलंस तरी चालेल. पाठवच.

तक्रार केली नाही हे मी लिहिलं तेव्हा मला ते खरं वाटलं होतं, असं म्हणणार होतो. फौजदार बाईंनी विचारलं, "वाटलं होतं की वाटून घेतलं होतं?" मी म्हटलं, दुसरं लिहा.

पेन्सिल माझ्याकडे तीनदा आली होती. पहिल्यांदा नोव्हेंबरमध्ये. मी पटाशीला धार लावत होतो. म्हणाली, "काका, मला आधी सोडायला सांगाल?" मी म्हटलं, तुझं घर सगळ्यात लांब आहे बाळा. ती गेली.

दुसऱ्यांदा म्हणाली, "मी चालत जाऊ का?" मी म्हटलं, चार किलोमीटर आहे, रस्ता वाहता आहे, मी जबाबदार माणूस आहे, मी तुला एकटी सोडणार नाही. हे मी सगळ्या मुलांसमोर म्हटलं, थोडं मोठ्यानं, त्यांनाही कळावं म्हणून. कप्तान दारात उभा होता. तो हसला. मीही हसलो.

तिसऱ्यांदा, नाताळच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, ती वर्ग सुरू व्हायच्या आधी आली. एकटीच. शाळेतून धावत आली असणार, चेहरा लाल झाला होता. म्हणाली, "काका, मला शेवटी ठेवू नका ना. दुसरं कुणाला पण नको. उलटं करून बघा ना."

ताई, दुसरं कुणाला पण नको. हे ती म्हणाली. मी ऐकलं. मला वाटलं, पोरीला भूमिती आवडते, तिला रस्त्याचा प्रश्न सोडवायचाय. मला आनंद झाला. मी कागद घेतला, रस्ता काढला, पाचही घरं काढली. आधी माझा क्रम, मग उलटा. सरळ गेलं तर चौतीस मिनिटं. उलट गेलं तर पंचेचाळीस. अकरा मिनिटं जास्त, आणि शेवटी कुणी ना कुणी उरतंच. मी तिला म्हटलं, "बघ, तूच सांग, कोणता क्रम बरोबर?"

पुढचं मी काल पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. फौजदार बाई लिहिताना थांबल्या, म्हणाल्या, सावकाश सांगा. मी सावकाशच सांगत होतो.

ती कागदावर वाकली. कानामागची पेन्सिल काढली आणि एकेका घरावर टेकवत सगळी बेरीज पुन्हा केली, दोन्ही क्रमांची. मला वाटतं ती चूक शोधत होती. एखादी मिळते का बघत होती. मी वाट बघत उभा राहिलो, मला माहीत होतं की मिळणार नाही.

मग तिनं पेन्सिल परत कानामागे ठेवली आणि म्हणाली, "बरोबर आहे, काका."

साडेसहाला जाऊन ती गाडीत बसली.

धाकटा